कॅप्टन खटपटचा प्लास्टरमिस्त्री

हॉस्पिटलात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. आयुष्यात त्याने एक भिंत बांधली नव्हती. तळमजल्यावरच्या प्लास्टर-रूममध्ये तो लोकांचे मोडलेले हातपाय बांधायचा. पण प्लास्टर करणाऱ्याला मिस्त्री नाही तर काय म्हणायचं, असं कुणा जुन्या डॉक्टरने एकदा म्हटलं, आणि ते डॉक्टर निवृत्त होऊन गेले तरी नाव इथेच राहिलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथे ते कुणाला त्रास देत नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी तो स्ट्रेचर ढकलायला लागला. तीन वर्षं ढकलल्यावर तेव्हाच्या प्लास्टरवाल्याने एकदा त्याचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "रुंद आहेत. ये आत." एवढीच त्याची मुलाखत. आत आल्यावर तो शिकला ते असं: पट्टीची गुंडाळी कोमट पाण्यात सोडायची, बुडबुडे थांबेपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही, मग दोन्ही टोकांकडून हलकी पिळायची. खाली कापूस सगळीकडे सारखा. आणि ओलं प्लास्टर दाबायचं ते तळव्याने, बोटांनी कधीच नाही, कारण बोटाचा खळगा पडला की तो आतून सहा आठवडे टोचत बसतो. तीस वर्षांत ही सवय हाडीमाशी इतकी खिळली की घरी तो उशीसुद्धा तळव्यांनी थापायचा.

"उशीला काही झालेलं नाही," बायको म्हणायची. "झोपा आता."

बायको एका शाळेच्या कचेरीत टायपिंग करायची आणि त्याच्याबरोबर रस्त्याने चालायला लाजायची. कारण मिस्त्री लोकांचे चेहरे पाहत नसे, चाल पाहायचा. "तो बघ, डावा घोटा. लवकर काढलंय प्लास्टर." हे तो अशा आवाजात म्हणायचा की त्या घोट्याच्या मालकालाही ऐकू जावं.

असा हा सरळ माणूस एका बाबतीत मात्र पार वेडा होता, आणि ती बाब म्हणजे कॅप्टन खटपट.

रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर, अर्ध्या पानात, एकोणीस वर्षं ही चित्रमालिका चालू होती. कॅप्टन खटपट दिवसा पंखे दुरुस्त करायचा आणि संकट आलं की खिडकीचा पडदा खांद्यावर टाकून उडायचा. त्याची शक्ती एकच. बिघडलेल्या वस्तूला त्याने थाप मारली की ती चालू व्हायची. अडचण अशी, की चांगल्या चाललेल्या वस्तूला चुकून हात लागला तर ती बंद पडायची. त्यामुळे शहर वाचवता वाचवता तो निम्मं शहर बंद पाडून ठेवायचा, आणि शत्रू डॉक्टर गंज याला फारसं काही करावंच लागत नसे.

बायकोला वाटायचं हा पोरकटपणा आहे. पण मिस्त्रीसाठी ते कामाचं हत्यार होतं. मोडलेलं हाड जागेवर आणायचं म्हणजे ओढावं लागतं. सुई देऊन हात बधिर करता येतो, माणूस कसा बधिर करणार? तो अंग ताठ करून बसतो आणि हाड जागचं हलत नाही. तेव्हा मिस्त्री कोपर धरून उभा राहायचा, हाडांच्या डॉक्टर, एक कमी बोलणाऱ्या बाई, पंजा धरायच्या, आणि म्हणायच्या, "मिस्त्री, गोष्ट." मिस्त्री गेल्या रविवारचा भाग सुरू करायचा. धरणाची भिंत फुटलीय, दार उघडायचं यंत्र बंद आहे, कॅप्टनचा एक हात यंत्राजवळ आणि दुसरा चुकून भिंतीला लागणार, इतक्यात थांबून विचारायचा, "आता तुम्ही सांगा, काय केलं असेल त्याने?" माणूस विचारात पडला की खांदा सैल सुटतो. बाई तेवढ्यात ओढून मोकळ्या. कितीतरी जण महिन्याने प्लास्टर दाखवायला आले की आधी धरणाची चौकशी करायचे.

अकरा वर्षांपूर्वी कॅप्टनचाच हात मोडला. डॉक्टर गंजाने त्याच्या अंगावर घड्याळाचा मनोरा पाडला होता. मिस्त्री खूश झाला, आपला विषय निघाला म्हणून. पण पहिल्या रविवारी प्लास्टर डाव्या हातात होतं, दुसऱ्या रविवारी उजव्या हातात, आणि तिसऱ्या रविवारी गायब. मिस्त्रीने आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं.

"माननीय कॅप्टनवाले, हाताच्या हाडाला सहा आठवडे लागतात. उडता येत असलं तरी. शिवाय प्लास्टर एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. आपला, प्लास्टरमिस्त्री."

चित्राखाली एक छोटी चौकट असायची, 'वाचक विचारतो, कॅप्टनवाला टाळतो' नावाची. तिथे उत्तर आलं: "प्लास्टरमिस्त्री यांस, हाताबद्दल माफी. तो दिवस मंगळवार होता आणि माझं डोकं दुखत होतं. सहा आठवड्यांबद्दल वाद नाही. कॅप्टन पुढच्या रविवारपासून पुन्हा प्लास्टरमध्ये."

आणि खरोखर कॅप्टन पुढचे सगळे आठवडे एका हाताने लढला. एका हाताने पडदा बांधता येईना म्हणून शेजारणीकडून बांधून घ्यायचा. लोकांना ते एवढं आवडलं की रविवारचा पेपर सकाळीच खपून जायला लागला. मिस्त्रीने सहाव्या आठवड्याचं कात्रण प्लास्टर-रूमच्या भिंतीवर चिकटवलं. लवकर काढा म्हणून कुणी मागे लागलं की तो नुसता तिकडे बोट दाखवायचा.

तेव्हापासून दोघांचं जमलं. मिस्त्री चूक काढायचा, कॅप्टनवाला अंगाला लावून घ्यायचा नाही. "कॅप्टनचा पडदा कधी निळा, कधी हिरवा का?" "धुतल्यावर रंग जातो. तुमचा जात नाही का?" "कॅप्टन एकोणीस वर्षांत म्हातारा का झाला नाही?" "तुमची बायको झाली का? नाही ना? मग." हे वाचून बायकोने त्या रविवारपुरतं मालिकेबद्दल वाईट बोलायचं सोडलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं मात्र कधी नव्हतं, आणि पाहायची गरजही वाटली नव्हती.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला पन्नाशीचा एक बारीकसा गृहस्थ प्लास्टर-रूमच्या दारात उभा राहिला. उजवा हात डाव्या हातात तान्ह्या बाळासारखा धरलेला. शर्टाच्या कॉलरमधून एक फुलाफुलांची गाठ वर आली होती आणि पाठीवर कुबड होतं.

"कसं झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"बाथरूममध्ये घसरलो."

"चादर घेऊन?"

गृहस्थाने खाली पाहिलं. "गाठ एका हाताने सुटेना. म्हणून बाकीची शर्टात कोंबली."

मिस्त्रीने गाठ सोडली, पाठीवरची चादर ओढून काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली, आणि पुढे काही विचारलं नाही. या खोलीत लोक खोटं बोलतात हे त्याला ठाऊक होतं. शिडीवरून पडलेले जिन्यावरून पडलो म्हणतात. हाड तेच असतं.

एक्स-रेचा फोटो आला. मनगटाशी मोडलं होतं, अंगठ्याच्या मुळाशीही. सिस्टरने बाईंचा निरोप वाचून दाखवला: जागेवर बसवायचं, अंगठा आत घ्यायचा, सहा आठवडे.

"अंगठापण?" गृहस्थ म्हणाला. "आणि सहा? तीन नाही चालणार?"

मिस्त्रीने सवयीने भिंतीकडे बोट केलं. "ते वाचा. कॅप्टन खटपट. उडतो बिडतो, तरी सहा."

गृहस्थ उठून जवळ गेला. कात्रण पिवळं पडलं होतं. बराच वेळ वाचून तो म्हणाला, "हे माझं आहे."

"तुमचं कसं? मी चिकटवलंय."

"चिकटवलंय तुम्ही. काढलंय मी."

सिस्टरच्या हातातली कात्री वाजायची थांबली. मिस्त्रीने गृहस्थाकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या चादरीकडे.

"वाऱ्यावर पडदा मागून कसा दिसतो ते बघत होतो," गृहस्थ ओशाळून म्हणाला. "स्टुलावर चढून. आरशात. पंखा लावून."

"आणि मला बाथरूम सांगता."

कॅप्टनवाल्याची नजर बादलीवर गेली, मिस्त्रीच्या पांढऱ्या नखांवर गेली, आणि तोंड हळूहळू उघडलं. "प्लास्टरमिस्त्री?" त्याने डावा हात पुढे केला. मिस्त्रीने तो दोन्ही हातांत घेतला. तीस वर्षांत या खोलीत हातात आलेल्या हाताचं काय करायचं हे त्याच्या तळव्यांना एकच माहीत होतं. त्याने कापसाची गुंडाळी उचलली आणि दोन वेढे घातले.

"मिस्त्री," सिस्टर म्हणाली, "तो हात चांगला आहे."

"अकरा वर्षांपूर्वी याच चुकीसाठी तुम्ही मला लेखी झापलं होतं," कॅप्टनवाला म्हणाला.

बाई आल्या, सुई दिली, थोडं थांबल्या, पंजा धरला. "मिस्त्री, गोष्ट."

मिस्त्रीची पंचाईत झाली. या माणसाला कुठली गोष्ट सांगणार? पुढे काय झालं हे त्याला सगळं आधीच ठाऊक. तो कोपर धरून उभा राहिला, आणि कॅप्टनवाल्याचा खांदा लाकडासारखा कडक होता.

"साहेब, एक विचारू?" तो शेवटी म्हणाला. "डॉक्टर गंजाच्या किल्ल्याला दार नाही, असं तुम्ही पहिल्या वर्षी लिहिलंय. मग दूधवाला रोज आत कसा जातो?"

"दूधवाला?" कॅप्टनवाला म्हणाला. "तो खिडकीतून देत असेल."

"खिडक्या पण नाहीत. तुम्हीच लिहिलंय. 'दार ना खिडकी, असा हा अजिंक्य किल्ला.'"

"मग वरून... नाही, वर तर झाकण आहे. थांबा हं, त्याला मी एक भुयार—"

बाईंनी ओढलं. कट्कन आवाज झाला. कॅप्टनवाल्याने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाला, "ही चीटिंग आहे."

मिस्त्रीने त्या दिवशी जे प्लास्टर केलं तसं त्याने मंत्र्यालाही केलं नसतं. अंगठ्याभोवती कापूस तीनदा तपासला. प्लास्टर गरम व्हायला लागलं तेव्हा सांगितलं, "आता ऊब लागेल, घाबरू नका," आणि ऊब जाईपर्यंत तळव्यात हात धरून बसला.

कॅप्टनवाला एकटा राहायचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. मालिका घरी काढायचा, संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. तीन रविवारांचं काम पुढचं करून ठेवायची त्याला सवय होती, त्यामुळे पहिले तीन रविवार कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या रविवारी कॅप्टन एका कारखान्याच्या धुराड्याला एका हाताने लोंबकळत होता आणि खाली लिहिलं होतं, 'आता पुढे?'

दुसऱ्या दिवशी, बरोबर तीन आठवड्यांनी, कॅप्टनवाला फोटो काढायला आला. दुपारची जेवणाची वेळ साधून आला. सिस्टर डबा खायला गेलेली, बाई ऑपरेशनमध्ये.

"काढा," तो म्हणाला.

"काय काढा?"

"सगळं नका. अंगठा तेवढा मोकळा करा. पेन धरता आलं की झालं." त्याने एका दमात सांगून टाकलं. संपादकांचा फोन आला होता. पुढच्या रविवारी त्या जागी शब्दकोडं टाकणार. त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत काही आलं नाही तर ती जागा हत्तीच्या पिल्लाच्या मालिकेला, कायमची. पिल्लाचे बारा भाग तयार होते. "आणि पिल्लू गोड आहे हो," तो म्हणाला. "मी बघितलं. एकदा ते पानावर आलं की मला कोण परत घेतंय?"

"दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

"एकोणीस वर्षं मी काढतोय. त्याचे कान दुसऱ्याला जमणार नाहीत."

हे मिस्त्रीला पटलं. कान खरंच अवघड होते.

प्लास्टर कापायची छोटी विजेची करवत टेबलावर होती. अंगठ्याभोवतीचं कापायला पाच मिनिटं. सहाव्या आठवड्यात परत नवी पट्टी मारली की बाईंनाही समजलं नसतं. मिस्त्रीने करवत हातात घेतली. बटणावर बोट ठेवलं. रविवारी सकाळी पुरवणी उलटी धरून शेवटच्या पानापासून वाचायला घेणारा माणूस होता तो. तिथे हत्तीचं पिल्लू बघायची त्याची अजिबात इच्छा नव्हती.

मग त्याने करवत खाली ठेवली आणि नवा फोटो दिव्यासमोर लावला.

"ही रेघ दिसते?" अंगठ्याच्या मुळाशी एक काळी बारीक रेघ होती. "हे अजून धरलं नाही."

"एवढीशी?"

"कॅप्टनचं नाक तुम्ही एवढ्याशाच रेघेत काढता. तेवढी पुरते. आत्ता मोकळा केला, तुम्ही पेन दाबून धरलं आणि हे सरकलं, तर मग पेन म्हणून काही धरायचं नाही. कधीच."

"सरकेलच असं नाही."

"नाही. सरकेलच असं नाही."

"मग?" कॅप्टनवाल्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अकरा वर्षं तुम्ही माझ्या चुका काढल्यात, मिस्त्री. सगळ्या छापल्या मी. एक चूक माझ्यासाठी करा."

मिस्त्रीने फोटो दिव्यासमोरून काढला. बाहेर कुणाची तरी कुबडी फरशीवर टकटक करत गेली. "साहेब, हे मला नाही जमणार," तो म्हणाला.

कॅप्टनवाला उठला. दारात थांबून म्हणाला, "कॅप्टन गेला तर तुमच्या हातून गेला, एवढं लक्षात ठेवा."

त्या संध्याकाळी मिस्त्री घरी येऊन नुसता बसून राहिला. बायकोने झालेलं सगळं त्याच्या तोंडून काढून घेतलं.

"बरोबर केलंत," ती म्हणाली.

"मला माहितीये बरोबर केलं."

"मग तोंड का असं? कुणी मारल्यासारखं?"

"बरोबर केलं म्हणून बरं वाटतंच असं नाही," मिस्त्री म्हणाला आणि उशी थापायला लागला.

रविवारी शेवटच्या पानावर शब्दकोडं आलं. मिस्त्रीने ते हट्टाने सगळं सोडवलं, आणि सोडवून झाल्यावर ते आपल्याला अजिबात नको होतं हे त्याच्या लक्षात आलं. तो कपाटातून कागद घेऊन आला. बायको दुरून बघत होती. एरवी त्याची पत्रं चार ओळींची असत. हे लिहायला त्याला दुपार लागली, आणि तिने शुद्धलेखन तपासायला मागितलं तर दिलं नाही.

मंगळवारी एक भाजीवाली मनगट मोडून आली. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, गोष्ट." मिस्त्रीने धुराड्याची गोष्ट सुरू केली, कॅप्टन लोंबकळतोय इथपर्यंत आला आणि थांबला. "पुढे?" भाजीवाली म्हणाली. "पुढे माहीत नाही," मिस्त्री म्हणाला. त्याच्या तोंडाकडे बघून तिलाच एवढं वाईट वाटलं की खांदा आपोआप सैल झाला. बाईंनी ओढलं.

पुढच्या रविवारी तो पहाटे उठून दारात पेपरवाल्याची वाट पाहत उभा राहिला. शेवटचं पान उघडायला त्याने आधी बायकोला दिलं.

"हत्ती आहे?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही आहात."

अर्ध्या पानात मोठ्या अक्षरांत त्याचं पत्र छापलं होतं.

"माननीय कॅप्टनवाले, आज तुमच्या जागी शब्दकोडं होतं. आडवे नऊ, उभे अकरा. सगळे सोडवले, एकातही कॅप्टन सापडला नाही. तुम्ही माझ्यावर रागावला आहात. ते चालेल. पण राग माझ्यावर आणि शिक्षा त्याला, हे बरं नाही. तो बिचारा आठवडाभर एका हाताने धुराड्याला लोंबकळतोय. त्याच्या खांद्याचं काय होत असेल याचा विचार केलात का? खांदा निखळला तर बसवणं मनगटापेक्षा कठीण असतं. कृपया त्याला खाली उतरवा. चित्र नको. नुसतं सांगा की उतरला. मला झोप लागत नाही. आपला, प्लास्टरमिस्त्री."

त्याखाली वेड्यावाकड्या, पहिलीतल्या पोराने काढावी तशा अक्षरांत उत्तर होतं. संपादकांनी ते अक्षर जसंच्या तसं छापलं होतं.

"उतरवायला हात लागतो. तो तुम्ही बांधून ठेवलाय."

मिस्त्रीने ते चार वेळा वाचलं. "रागावलाय अजून," तो म्हणाला.

"रागावलेला माणूस डाव्या हाताने एवढं लिहीत बसत नाही," बायको म्हणाली. "किती वेळ लागला असेल बघा तरी. 'बांधून'मधला धू केवढा झालाय."

मिस्त्रीने लगेच उत्तर पाठवलं. एकच ओळ: "डावा मोकळा आहे, हे मी स्वतः तपासलं होतं. दोन वेढे घालून."

आठवडाभरात पुरवणीच्या कचेरीत खांद्याच्या काळजीची पंचवीस पत्रं आली. पोहणं शिकवणाऱ्या एकाने कळवलं की माणूस एका हाताने चार मिनिटांवर लोंबकळू शकत नाही, तेव्हा कॅप्टनचा विक्रम झाला आहे. संपादकांना जागा भरल्याशी मतलब, आणि ती भरत होती. हत्तीच्या पिल्लाला त्यांनी थांबायला सांगितलं.

सहाव्या रविवारी मिस्त्रीच्या ओळीखाली चित्र होतं. डाव्या हाताने काढलेलं. धुराडं कलंडलेलं, कॅप्टनचा एक पाय लांब, एक आखूड, कान तर बटाट्यासारखे. तो धुराड्याच्या काठावर बसला होता आणि एका हाताने दुसरा खांदा चोळत होता. खाली अक्षरं: "उतरला नाही. पण बसलाय. आता झोपा."

मिस्त्रीने एक लांब आणि एक आखूड पाय पाहिला. त्याच्या हाताशी पेन होतं. तो काही लिहायला गेला नाही.

सोमवारी सकाळी बाहेरच्या बाकावर पहिला नंबर कॅप्टनवाल्याचा होता. आत आला, स्टुलावर बसला, प्लास्टर टेबलावर ठेवलं.

"खांदा कसा आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"त्याचा? दुखतो म्हणे."

मिस्त्रीने करवत चालू केली, नेहमीप्रमाणे आधी आपल्या तळव्याला लावून दाखवली, कापत नाही, नुसती थरथरते म्हणून. मग प्लास्टरला दोन्ही बाजूंनी चीर दिली, पकडीने फाकवलं, खालचा कापूस कात्रीने उभा कापला आणि दोन्ही अर्धुकं उचलली.

हात बाहेर आला. बारीक झालेला, पांढुरका, कातडीचे पापुद्रे निघालेले. कॅप्टनवाला त्याच्याकडे बघत राहिला. त्याने मूठ मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर थांबली. अंगठा तर हललाच नाही. त्याने पुन्हा करून पाहिलं.

"हा माझा नाही," तो हळूच म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात."

"मिस्त्री, खरं सांगा."

मिस्त्री सगळ्या पेशंटना "होईल, होईल" म्हणायचा. तेवढंच म्हणायचा. आज त्याने आधी सिस्टरकडून नवा फोटो मागवला आणि दिव्यासमोर लावून बराच वेळ पाहिला. ती काळी रेघ भरून आली होती. तो बाजूला सरकला, कॅप्टनवाल्यालाही दिसावं म्हणून.

"हाड धरलंय," तो म्हणाला. "नीट, सरळ धरलंय. मला कॅप्टन हवाय म्हणून सांगत नाही. मला हवाच आहे, पण म्हणून सांगत नाही. हात सहा आठवडे झोपला होता, आता त्याला उठवायचं. रोज उठवायचं. रविवारच्या आत चित्र होईल असं मी बोलणार नाही."

"तोपर्यंत जागा?"

"तोपर्यंत मी आहे. माझ्याकडे तुमच्या पुष्कळ चुका शिल्लक आहेत. छापायला वर्ष पुरेल."

कॅप्टनवाला हसला नाही, पण खांदा सैल पडला. मिस्त्रीने पसरट भांड्यात कोमट पाणी घेतलं आणि तो हात त्यात अलगद सोडला, खालून आपला तळवा लावून.

"अंगठा पहिल्या बोटाला लावा."

लागला. थरथरत, पण लागला.

"दुसऱ्या."

त्यालाही लागला. तिसऱ्या बोटाला दोघांना बराच वेळ लागला. बाहेरून सिस्टर म्हणाली, "मिस्त्री, बाकावर पाच जण आहेत." मिस्त्री म्हणाला, "बसू दे."

करंगळी राहिली होती. अंगठा निघाला, मध्येच अडला, परत फिरला. पाणी गार व्हायला लागलं. मिस्त्रीने डाव्या हाताने किटली ओढली आणि भांड्यात कडेकडेने गरम पाणी ओतलं, उजवा तळवा होता तिथून न हलवता.

"घाई नाही," तो म्हणाला. "परत पहिल्यापासून."